मूळचे कुठले?

चापडगावच्या निरीक्षण मनोऱ्यावरून दिसणारं पाणी फसवं आहे. लांबून मोठा तलाव वाटतो, पण शेकाट्या आपल्या काडीसारख्या गुलाबी पायांवर चालत चालत पार आत जातो आणि त्याचं पोट भिजत नाही. चमचे चोची डावी-उजवीकडे फिरवत गाळ चाळत असतात. बेटावर चक्रवाकांची जोडी ऊन खात बसलेली असते. उन्हाळ्यात ती लडाख-तिबेटच्या उंचीवर असते, हिवाळ्यात इथे. थंडीतल्या शनिवार-रविवारी गाड्या येतात, मोठमोठ्या लेन्स बाहेर निघतात, आणि परतताना कुणीतरी हमखास म्हणतं, "शहराबाहेर पडलं की खरा निसर्ग दिसतो."

या वाक्यातला 'खरा' हा शब्द मला अडतो. कारण नांदूर मध्यमेश्वर हे सरकारी बांधकाम खात्याचं अपत्य आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, इंग्रजांच्या काळात, निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर दगडी बंधारा घातला गेला. हेतू सरळ होता : पाणी अडवायचं, डाव्या-उजव्या कालव्यांनी खाली कोपरगाव-राहात्याकडे न्यायचं आणि दुष्काळी पट्टा भिजवायचा. पण नदी नुसतं पाणी आणत नाही. ती वरच्या डोंगरांची आणि शेतांची माती आणते, आणि पाणी अडलं की माती बसते. वर्षानुवर्षं गाळ साचत गेला. पाटबंधारे खात्याच्या हिशेबात हा निव्वळ तोटा, कारण जितका गाळ तितका साठा कमी. त्या तोट्यावर बेटं तयार झाली, बेटांवर पाणगवत वाढलं, उथळ पाण्यात शंख-शिंपले आणि किडे माजले, आणि पक्षी आले. १९८६ मध्ये अभयारण्य जाहीर झालं. २०१९ मध्ये रामसर करारानुसार आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून नोंद झाली. महाराष्ट्रातली ही अशी पहिली जागा, लोणार आणि ठाण्याची खाडी नंतर. दोनशेहून जास्त जातींचे पक्षी इथे नोंदले गेले आहेत.

म्हणजे आपण ज्याला 'खरा निसर्ग' म्हणतो, तो एका फसत गेलेल्या सिंचन प्रकल्पाच्या पोटात जन्मला आहे.

हे वाचून कुणाचा हिरमोड होऊ नये. उलट मला यातूनच एक प्रश्न नीट मांडता येतो असं वाटतं. एसटीत शेजारी बसलेला माणूस नाव विचारून झालं की दुसरा प्रश्न टाकतो : "मूळचे कुठले?" आपण तो माणसांना विचारतो, आणि हल्ली सजीवांनाही विचारू लागलो आहोत. हे झाड देशी की विदेशी? हा पक्षी स्थानिक की पाहुणा? बिबट्या जंगलाचा, मग वस्तीत कसा? या प्रश्नात एक नैतिक दावा लपलेला असतो. जो मूळचा त्याचा हक्क पहिला, बाकीच्यांनी कृपेवर राहायचं. माणसांच्या बाबतीत हा दावा किती वेळा आणि कशासाठी वापरला जातो, हे महाराष्ट्रात राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. मला बघायचं आहे ते एवढंच, की निसर्गात तरी तो टिकतो का.

निफाड तालुक्यात तरी टिकत नाही. पिंपळगाव बसवंतच्या बाजारात कॅरेटच्या कॅरेट उतरणारा टोमॅटो दक्षिण अमेरिकेचा. शेतातला मका मेक्सिकोचा. लासलगाव ज्याच्या भावावर हसतं-रडतं तो कांदा मध्य आशियाकडून आलेला. द्राक्षाचं तर बोलायलाच नको. तालुक्यातली सगळी विदेशी पिकं उद्या मूळ गावी पाठवायची ठरवली तर निफाडकर संध्याकाळपर्यंत कर्जबाजारी होतील. बरं, 'मूळ' म्हणजे किती मागे जायचं? बंधाऱ्याच्या आधी? शेतीच्या आधी? पाचशे वर्षं मागे गेलो तर एक यादी मिळते, पाच हजार वर्षं मागे गेलो तर दुसरी.

यावर एक हुशार उत्तर दिलं जातं : ठीक आहे, मूळचा कोण ते सोडा, पण निदान निसर्गाची जागा निसर्गाला आणि माणसाची माणसाला अशी रेघ तरी ओढू. ही रेघ ओढून पाहिल्याचा एक गाजलेला अनुभव आपल्या देशात आहे. नांदूर मध्यमेश्वरला 'महाराष्ट्राचं भरतपूर' म्हणतात, म्हणून तो इथे सांगायलाच हवा. राजस्थानातलं भरतपूरही माणसानेच घडवलेलं. अठराव्या शतकात महाराजा सूरजमलच्या काळात अजान बांध घातला गेला, पुढे संस्थानिकांनी बदकांच्या शिकारीसाठी सखल जमीन पाण्याखाली ठेवली. स्वातंत्र्यानंतर शिकार थांबली, राष्ट्रीय उद्यान झालं, आणि १९८२ मध्ये गावकऱ्यांच्या म्हशींना आत चरायला बंदी आली. विरोध झाला, पोलिसांनी गोळ्या चालवल्या, माणसं मेली. आणि मग उद्यानाचं काय झालं? म्हशी पाण्यातलं जे गवत खात होत्या ते बेफाम वाढलं. मोकळं पाणी आक्रसलं आणि पाणपक्ष्यांनाच जागा पुरेना. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दीर्घ अभ्यासातून निघालं की म्हशी त्या पाणथळ जागेचा भाग होत्या. बंदीचा आग्रह धरणाऱ्यांत याच संस्थेचे सालिम अली होते, आणि बंदीचा तोटा दाखवणारा अभ्यासही याच संस्थेचा. याबद्दल मला संस्थेचा आदरच वाटतो.

भरतपूरची म्हैस मूळची नव्हती, जंगली नव्हती, पाहायला कुणी तिकीट काढत नव्हतं. पण ती तिथल्या नात्यांत बसलेली होती. कोण कशावर जगतं, कोण कुणाला वाट मोकळी करून देतं, कोण गेल्यावर काय कोसळतं, हे जन्मदाखल्यावरून कळत नाही.

उलट बाजूही पाहू, नाहीतर हे फारच गोड होईल. जलपर्णी. अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातली ही वनस्पती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फुलांच्या हौसेपायी बंगालात आली असं मानतात, आणि आता गोदावरीत तिचे गालिचे तरंगतात. पाण्यात ऊन शिरू देत नाही, प्राणवायू कमी करते, मासे गुदमरतात. 'विदेशी आक्रमक' म्हणून बोट दाखवायला उत्तम. दरवर्षी यंत्रं लावून काढली जाते, फोटो छापून येतो, आणि पावसाळा सरला की ती पुन्हा हजर असते. ती एवढी का फोफावते? कारण नाशिक शहराचं सांडपाणी गोदावरीत जातं, आणि त्यातलं नत्र-स्फुरद म्हणजे जलपर्णीला आयतं वाढलेलं ताट. तिचा परदेशी जन्म खरा आहे, पण तिचं बळ नाशिकचं आहे. तिला 'परकी' म्हटलं की दोष अ‍ॅमेझॉनकडे जातो आणि आपला संडासाचा फ्लश निर्दोष सुटतो. आणि गंमत म्हणजे लांब बोटांचा कमळपक्षी त्याच जलपर्णीवरून निवांत चालत असतो. त्याला जमीन मिळाली आहे.

याकोब फॉन युक्सक्यूल नावाच्या जीवशास्त्रज्ञाने शंभरेक वर्षांपूर्वी हे फार चांगलं मांडलं होतं. त्याचं उदाहरण गोचिडीचं. झुडपावर बसलेल्या गोचिडीला रान, आभाळ, पाऊलवाट यांतलं काही दिसत नाही. तिच्यासाठी जग म्हणजे सस्तन प्राण्याच्या घामाचा एक विशिष्ट वास, अंगाची ऊब आणि केसांचा स्पर्श. एवढंच. एकाच बांधावर शेतकरी, गोचीड, गाय आणि बगळा उभे असले तरी ते चार जगांत उभे असतात. परिसर म्हणजे एक मोठी खोली आणि त्यात ठेवलेले सजीव, असं चित्र आपण शाळेपासून डोक्यात बाळगतो. युक्सक्यूल म्हणतो तसं पाहिलं तर खोली एक नाहीच. प्रत्येक जीव आपापल्या गरजांनी ती विणत असतो.

हे ध्यानात ठेवून आता बिबट्याकडे येतो. जलपर्णीने माणूस मरत नाही, बिबट्याने मरतो. म्हणून इथे शब्द जपून वापरायला हवेत.

बंधाऱ्यातून कालवे निघाले, कालव्यांना आवर्तनं सुटू लागली, आणि गोदाकाठी ऊस उभा राहिला. आपल्यासाठी ऊस म्हणजे टनेज, कारखाना, उचल. बिबट्यासाठी ते माणसापेक्षा उंच, दाट, वर्षभर उभं असलेलं गवत आहे. आत गारवा आहे, जवळ पाणी आहे, आणि बाहेर मळ्यात कुत्री, शेळ्या, डुकरं आहेत. युक्सक्यूलच्या भाषेत बोलायचं तर त्याच्या जगात शेत नावाची वस्तूच नाही. मादी उसात विते. गाळप हंगाम सुरू झाला की तोड करणाऱ्या मजुरांना सरींत बछडे सापडतात. मग वनखात्याची माणसं आणि स्वयंसेवक ते बछडे तपासून संध्याकाळी त्याच जागी प्लॅस्टिकच्या कॅरेटमध्ये ठेवतात, कॅमेरा लावतात आणि लांब जातात. रात्री आई येते आणि एकेक पिल्लू तोंडात धरून नेते. हे व्हिडिओ तुमच्या फोनवरही आले असतील. टोमॅटोच्या कॅरेटमधून उचलल्या गेलेल्या त्या पिल्लाने जंगल पाहिलेलं नाही, कदाचित त्याच्या आईनेही नाही. त्याला विचारा मूळचा कुठला. उत्तर येईल, उसातला.

तरी बातमी लिहिताना आपला शब्द ठरलेला असतो : बिबट्या मानवी वस्तीत 'घुसला'. घुसला म्हटलं की पुढचं आपोआप येतं, त्याला 'मूळ अधिवासात' सोडा. जुन्नर भागात २००१ नंतरच्या दोन-तीन वर्षांत हेच मोठ्या प्रमाणावर केलं गेलं. उसातून बिबटे पकडून लांबच्या जंगलांत सोडले. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी नंतर आकडे तपासले, तर माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी चारवरून सतरावर गेले होते. अनोळखी जागी टाकलेलं, बावरलेलं जनावर जास्त धोकादायक ठरत होतं. अत्रेय यांनीच पुढे नाशिकला लागून असलेल्या अकोले तालुक्यात पाहणी केली. तिथे जंगल नसलेल्या शेतीपट्ट्यात शंभर चौरस किलोमीटरला पाचेक प्रौढ बिबटे राहत होते, आणि त्यांच्या खाण्यात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा होता. लोकही तिथे दाटीने राहत होते, आणि बहुतेकांना रोज रात्री शेजारून कोण जातं याची कल्पनाही नव्हती.

या भागातल्या जुन्या माणसांना ती असायची. इगतपुरी, पेठ, सुरगाणा, अकोल्याच्या डोंगरात आजही वाघोबाची ठाणी आहेत, शेंदूर लावलेला दगड किंवा लाकडावर कोरलेलं जनावर. वसुबारसेच्या दिवशीच तिकडे वाघबारस असते. याकडे 'आदिवासी निसर्गपूजा' म्हणून भाबड्या कौतुकाने बघण्याची एक शहरी रीत आहे, ती मला पटत नाही. वाघोबाला नैवेद्य दाखवणारा माणूस त्याच्यावर प्रेम करत नसतो. तो घाबरलेला असतो, आणि ज्याची भीती आहे त्याच्याशी करार करत असतो : तू तुझ्या वाटेने जा, आमची गुरं सोड, आम्ही तुझं ठाणं राखतो. शेजारधर्म म्हणजे बहुतेक वेळा असंच काहीतरी असतं. त्यात आवड गृहीत नसते.

पण करारात दोन्ही बाजू कोण, हेही बघावं लागतं. 'सहजीवन' हा शब्द कॉलेज रोडवरच्या कॅफेत बसून म्हणायला सोपा आहे. शेतीपंपाची वीज रात्रीच्या पाळीला आली की बारा वाजता बॅटरी घेऊन उसात बारे द्यायला जो जातो, त्याच्या तोंडी तो शब्द वेगळा लागतो. आणि त्याच्याहीपेक्षा उघड्यावर असतात ऊसतोड मजूर. फडाच्या कडेला पाचटाची-ताडपत्रीची कोपी, दार नाही, भोवती अंधार, आणि तोडीला जाताना मूल तिथेच बाजूला झोपवलेलं. बिबट्या चार पायांच्या, बुटक्या भक्ष्याच्या मापाने जग बघतो. खाली बसलेलं माणूस आणि लहान मूल त्या मापात येतं. गेलेल्या मुलांच्या बातम्या वाचल्या की त्यांत बंगल्यातलं मूल जवळजवळ कधी नसतं. साखर सगळे खातात, धोका कोपीतल्या बाईच्या वाट्याला येतो. मला यात बिबट्या विरुद्ध माणूस असा सामना दिसत नाही. दिसते ती माणसामाणसांतली वाटणी, जी आपण बिबट्याच्या नावावर खपवतो. दिवसा वीज, कोपीऐवजी पक्का निवारा, हंगामात पाळणाघर, मळ्याभोवतीच्या मेलेल्या कोंबड्या आणि कचरा यांची विल्हेवाट, हे सगळं बिबट्याचे उपाय आहेत, पण यातला एकही वनखात्याच्या अखत्यारीत नाही. म्हणून मग पिंजरे, नसबंदी, पकडून राज्याबाहेर पाठवणं यांची चर्चा रंगते. काही वेळा पिंजरा लागतोच, माणसावर सराईत झालेल्या जनावराला धरावंच लागतं. त्यात मला अनैतिक काही वाटत नाही. अनैतिक हे वाटतं, की दिवसा वीज देणं पिंजऱ्यापेक्षा अवघड आहे असं आपण शांतपणे मान्य केलं आहे.

इथवर मी अशांबद्दल बोललो ज्यांना जमवून घेता येतं. चक्रवाक, कमळपक्षी, बिबट्या. बंधारा घाला, ऊस लावा, ते आपलं जग त्यात विणतात. पण अशी लवचीकता सगळ्यांकडे नसते, आणि 'निसर्ग जुळवून घेतो' या वाक्यात फार लोक मरतात.

त्र्यंबकच्या वाटेवरचा अंजनेरी डोंगर तुम्हाला माहीत असेल, हनुमानाचं जन्मस्थान म्हणून किंवा पावसाळ्यातल्या रील्समुळे. त्याच्या माथ्यावर, कातळावरच्या वीतभर मातीत, पावसाळ्यात एक कंदीलपुष्प उगवतं. शास्त्रीय नाव सेरोपेजिया अंजनेरिका. २००६ मध्ये नवी जात म्हणून त्याचं वर्णन झालं आणि डोंगराचंच नाव त्याला मिळालं. नाशिकच्या डोंगरांपलीकडे त्याला फारसा पत्ता नाही. या कुळातल्या फुलांची रचना नळीसारखी असते. छोटी माशी वासाने आत शिरते, नळीतले केस खालच्या दिशेला वळलेले असल्यामुळे तिला परत फिरता येत नाही, आणि ती आत धडपडत असताना परागाचं काम होतं. काही काळाने केस कोमेजतात आणि माशी सुटते. म्हणजे या फुलाला हवी ती विशिष्ट माती, तेवढाच पाऊस, त्या माश्या आणि तुडवलं न जाणं. हे सगळं एकत्र असलेली दुसरी जागा त्याला नाही. आणि ते फुलतं त्याच महिन्यांत माथ्यावर गर्दी असते.

त्याला दुसरा धोका आहे तो आपल्या सद्भावनेचा. सह्याद्रीतला गवताळ सडा आपल्याला 'उजाड' दिसतो. मग कुठल्यातरी दिनानिमित्त बसेस भरून लोक येतात, गवतात खड्डे खोदतात आणि भराभर वाढणारी गिरिपुष्पासारखी झाडं लावतात. झाड वाढलं की सावली पडते, आणि उन्हातलं गवत, कंद, कंदीलपुष्पं हळूहळू संपतात. झाड म्हणजे पुण्य असं समीकरण एकदा ठरलं की आपण कुठे काय लावतो आहोत हे बघायची गरज उरत नाही. २०२५ च्या अखेरीस तपोवनात कुंभमेळ्याच्या साधुग्रामसाठी अठराशेच्या आसपास झाडं तोडण्याचा प्रस्ताव आला तेव्हा नाशिककर रस्त्यावर आले, आणि ते मला आवडलं. पण दोन्ही बाजूंचा वाद लवकरच आकड्यांवर आला : किती जुनी, किती देशी, एकाच्या बदल्यात किती लावणार. राजमुंद्रीच्या रोपवाटिकांतून मोठाली रोपं आणण्याची घोषणाही झाली. राजमुंद्री गोदावरीच्या दुसऱ्या टोकाला आहे, तेवढं एक नातं म्हणावं तर आहे! एकाच्या बदल्यात दहा हा हिशेब चालतो तो सजीव म्हणजे सुटे नग असतील तेव्हाच. तपोवनातल्या झाडावर रात्री उतरणाऱ्या वटवाघळाच्या जगात बदली झाड म्हणून काही नसतं; असतं ते या वळणावरचं, या ऋतूत फळणारं झाड.

आता अंजनेरीच्या फुलाशेजारी एक मासा ठेवतो. देवळालीच्या ओढ्यांतला एक बोटभर मासा, पॅरासिलोरिंकस प्रेटेरी, १९३८ मध्ये शास्त्राला माहीत झाला. इंग्रजीत त्याचं नावच देवळालीवरून आहे. आज तो अतिसंकटग्रस्त गणला जातो. या कुळातले मासे वाहत्या, दगडगोट्यांच्या पाण्यातले. नांदूर मध्यमेश्वरच्या रामसर नोंदीत या माशाचा उल्लेख अभिमानाने केलेला आहे. पण गंगापूर, दारणा, पालखेड आणि नांदूर मध्यमेश्वर यांनी मिळून वाहत्या पाण्याचं अडलेलं पाणी केलं, आणि ज्या पाण्याने तिबेटच्या बदकाला घर दिलं तेच पाणी वाहत्या ओढ्याच्या जीवाला परकं आहे. बदकासाठी मनोरा आहे, माशासाठी काहीच नाही. तो दिसत नाही, गात नाही, त्याचा फोटो कुणी ठेवत नाही.

म्हणून 'मूळचा कोण' याऐवजी मी दुसरा प्रश्न विचारतो : कुणाला जायला दुसरी जागा नाही? चक्रवाकाला जायकवाडी आहे, उजनी आहे. टोमॅटोला अख्खं जग आहे. बिबट्याला ऊस आहे आणि ऊस संपला तर आणखी काहीतरी तो शोधेल. कंदीलपुष्पाला नाही, देवळालीच्या माशाला नाही. आणि या यादीत मला ऊसतोड मजुराचं मूलही घालावंसं वाटतं, कारण त्या हंगामात त्यालाही कोपीखेरीज जागा नाही. हा प्रश्न निसर्ग आणि माणूस अशा दोन रांगा लावत नाही, हा त्याचा मला दिसणारा मोठा फायदा. त्याची अडचणही मोठी आहे : तो लाडक्या प्राण्यांना मागे ढकलतो आणि ज्यांचं नाव उच्चारता येत नाही त्यांना पुढे आणतो. शिवाय जो जुळवून घेतो त्याला कमी द्यायचं, हा जुळवून घेण्याचा दंडच झाला, असंही कुणी म्हणू शकेल. त्यावर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. एवढंच म्हणतो, की गरज आणि बक्षीस या निराळ्या गोष्टी आहेत.

या प्रश्नाची परीक्षा बंधाऱ्याच्या थोडं वर, सायखेडा आणि चांदोरीत आहे. गोदेच्या दोन काठांवरची ही गावं. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये नदी दुकानांत आणि घरांत शिरली. गावकऱ्यांचं म्हणणं जुनं आहे : खाली बंधारा गाळाने भरलाय, पाणी पुढे सरकत नाही, फुगवटा आमच्या अंगणात येतो. सायखेड्यातल्या एका दुकानदाराने मला भिंतीवरची खूण दाखवली, माझ्या डोक्याच्या वर. म्हणाला, "भाऊ, पक्षी उडून जातील. माझं दुकान उडत नाही." त्यांची मागणी आहे, गाळ काढा. शेतकऱ्यांनाही हवाच आहे; 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही सरकारी योजनाच आहे, आणि शेतात पसरायला नदीच्या गाळासारखं दुसरं काही नाही. पण तो गाळ म्हणजेच अभयारण्य आहे. तो सगळा उपसला तर शिल्लक राहील ते खोल, सरळ, पक्ष्यांना निरुपयोगी पाणी.

दुकानदाराचं वाक्य मी माझ्याच प्रश्नाला लावून बघतो, आणि ते बसतं. तो उडू शकत नाही. म्हणून नदीचं मुख्य पात्र मोकळं करावं, पुराला वाट द्यावी, असं माझं मत आहे. गाळ पवित्र नाही. मात्र कडेची उथळ पाणी आणि जुनी बेटं ठेवावीत, आणि कोणती ठेवायची ते कंत्राटदाराच्या सोयीने ठरू नये. कारण उपसा करायचा तर तो पाणी उतरल्यावर, मार्च ते मे मध्येच होणार, पोकलेन त्याआधी आत जाऊ शकत नाही. आणि नदीसुरय हा लांब पिवळ्या चोचीचा पक्षी नेमका त्याच महिन्यांत, पाण्यातून वर आलेल्या उघड्या बेटांवर, घरटं न करता नुसत्या खळग्यात अंडी घालतो. वाळूच्या रंगाची, ठिपक्यांची अंडी. दोन पावलांवरूनही दिसत नाहीत, मग पोकलेनच्या केबिनमधून कुठली दिसणार. तेव्हा बेटांची पाहणी फेब्रुवारीत झालेली हवी, सायखेड्याची दोन माणसं सोबत घेऊन. आणि वर, जिथे ओढे अजून दगडांवरून वाहतात, तिथे पुढचा बंधारा मंजूर करण्याआधी कुणीतरी जाळं घेऊन पाण्यात उतरायला हवं.